वारा बघायला गेलो होतो (त्रिएस्ते, विपावा, सेन्य)

"वारा बघायला कोण जातं गं?" आईचा फोनवरचा पहिला प्रश्न. तिचं बरोबरच होतं म्हणा. वहिनीचं बाळंतपण असल्यामुळे आई घरीच थांबली आणि बाबा एकटेच माझ्याकडे म्युनिकला तीन महिन्यांसाठी आले होते. फेब्रुवारीत इथे बाहेर करण्यासारखं फारसं काही नसतं, किल्ले-म्युझियम बघून त्यांना कंटाळा आला होता. बाबा वीज मंडळातून इंजिनियर म्हणून रिटायर झालेत, आयुष्य खांब, तारा आणि टॉवर यात गेलं. एकदा जेवताना मी सहज बोलले की इटलीच्या टोकाला त्रिएस्ते नावाचं शहर आहे आणि तिथे हिवाळ्यात बोरा नावाचा वारा सुटतो, ताशी १५० किलोमीटरच्या पुढे झपाटे जातात. बाबांनी घास खाली ठेवला. "दीडशे? आणि खांब टिकतात?" झालं, ठरलं.

बुकिंग वगैरेत काही सांगण्यासारखं नाही. एकच सांगते, बोरा बघायचा असेल तर तारखा आधी पक्क्या करू नका, हवामानाचा अंदाज बघून शेवटच्या क्षणी निघा. मध्य युरोपात थंड हवेचा जास्त दाब आणि खाली भूमध्य समुद्राच्या बाजूला कमी दाब असं चित्र दिसलं की समजायचं. आम्ही दोन आठवडे रोज संध्याकाळी नकाशे बघत बसायचो, क्रिकेटचा स्कोअर बघावा तसे.

दिवस पहिला: त्रिएस्ते, आणि वारा नाही

दुपारी पोचलो तर समुद्र म्हणजे ताटात ओतलेलं तेल. एक पान हलेना. मला जरा ओशाळल्यासारखं झालं, बाबांना पाचशे किलोमीटर गाडीत बसवून आणलं आणि इथे हे. पियात्सा उनिता म्हणजे तिथला मुख्य चौक, तीन बाजूंनी राजवाड्यासारख्या इमारती आणि चौथी बाजू सरळ समुद्राला उघडी. तिथून पुढे मोलो औदाचेवर गेलो. हा समुद्रात अडीचशे मीटरच्या आसपास गेलेला दगडी धक्का, कठडा नाही काही नाही. १७४० मध्ये सान कार्लो नावाचं जहाज इथे बुडालं, त्याच्या सांगाड्यावरच धक्का बांधला म्हणून आधी नाव सान कार्लो होतं, मग नोव्हेंबर १९१८ मध्ये औदाचे ही इटालियन युद्धनौका इथे लागली आणि नाव बदललं. अगदी टोकाला चौथऱ्यावर काशाची वाऱ्याच्या दिशांची तबकडी बसवलीये. बाबांनी त्यावर हात फिरवून ईशान्य दिशा शोधली आणि तिकडे तोंड करून उभे राहिले, जणू गाडीची वाट बघतायत.

संध्याकाळी कॉफी. त्रिएस्ते हे कॉफीचं मोठं बंदर आहे आणि इथली कॉफीची भाषा उरलेल्या इटलीपेक्षा वेगळी. साधी एस्प्रेसो हवी तर 'नेरो' म्हणायचं, दुधाचा थेंब घातलेली हवी तर 'कापो', आणि तीच काचेच्या छोट्या ग्लासात हवी तर 'कापो इन बी'. बाबांनी दोनदा घोकून ऑर्डर दिली, आली बरोबर, आणि मग "एवढीशीच?" असा चेहरा.

आमच्या घरमालकीणबाई साधारण बाबांच्याच वयाच्या. किल्ली देताना त्यांनी घर कमी आणि खिडक्या जास्त दाखवल्या. बाहेरच्या लाकडी झडपा कशा लावायच्या, आकडा कुठे अडकवायचा, सगळं स्वतः करून दाखवलं आणि मग आमच्याकडूनही करून घेतलं, परीक्षाच. माझ्या हातातली छत्री बघून हसल्या आणि ती दारामागच्या कोपऱ्यात ठेवून दिली, "ही इथेच राहू दे." त्यांच्या लहानपणी चढाच्या रस्त्यांवर, कोपऱ्याकोपऱ्यावर धरायला दोर बांधलेले असायचे, शाळेत जाताना ते धरून जायचं. मी विचारलं उद्या येईल का, तर त्या म्हणाल्या येईल, आणि आला की एक, तीन, पाच किंवा सात दिवस राहतो, सम आकड्यात कधी जात नाही. बाबा मला हळूच म्हणाले, "हे काही सायंटिफिक नाही." पण डायरीत लिहून घेतलं.

दिवस दुसरा: आला

पहाटे साडेतीनला जाग आली. आधी वाटलं खालून ट्रक जातोय. मग कळलं की ट्रक जातच नाहीये, येतोच आहे नुसता. झडपा थरथरत होत्या आणि मध्येच सगळं एकदम शांत व्हायचं, दोन-तीन सेकंद, इतकं शांत की घड्याळ ऐकू यावं, आणि मग धाडकन कोणीतरी भिंतीला खांदा दिल्यासारखा दणका. बाबा आधीच उठून खिडकीशी बसलेले, मंकी कॅप घालून. "झोप ना बाबा." "अगं झोप कसली, बघ तरी." अंधारात बघण्यासारखं काय होतं ते त्यांनाच माहीत.

सकाळी बाहेर पडलो तर पहिला धक्का म्हणजे आकाश. निळंशार, एक ढग नाही, लख्ख ऊन. याला ते बोरा कियारा म्हणतात, म्हणजे उजळ बोरा, आणि ढग-पाऊस-बर्फ घेऊन येतो तो बोरा स्कूरा, काळा. घरात बसून खिडकीतून बघाल तर वाटेल काय मस्त दिवस आहे, टी-शर्टवर फिरून येऊ. दार उघडलं की कळतं. म्हणजे दार उघडतच नाही आधी, आणि उघडलं की हातातून जातं.

गल्ल्यांमध्ये ठीक होतं, पण कोपरा आला की संपलं. एका वळणावर मी एक पाय उचलला आणि तो जिथे ठेवायचा होता तिथे पडलाच नाही, फूटभर बाजूला पडला. समोरून एक ताई येत होत्या, दोन्ही हातांनी दिव्याच्या खांबाला मिठी मारून उभ्या, पर्स आडवी तरंगतीये, आणि चेहऱ्यावर बस स्टॉपवर उभं असावं इतका निवांत भाव. झपाटा ओसरला, त्यांनी खांब सोडला, केस सारखे केले आणि चालायला लागल्या. या झपाट्यांना इथे 'रेफोली' म्हणतात. लोकल लोक सतत चालत नाहीत, ते रेफोली मोजून चालतात. थांब, वाक, धर, सोड, चल. आम्ही अर्ध्या तासात शिकलो. स्कूटरी एकावर एक पत्त्यांसारख्या पडलेल्या आणि प्रत्येक कचऱ्याच्या डब्यात मोडक्या छत्र्या, काड्या वर आलेल्या. माझी छत्री दारामागे सुखरूप होती.

धक्क्याजवळच्या मरीनात शेकडो बोटी उभ्या, आणि त्यांच्या डोलकाठ्यांवर दोर आपटून जो आवाज येत होता तो अजून कानात आहे. हजार लोक एकाच वेळी स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवतायत असा. समुद्राच्या लाटा आपल्याकडे किनाऱ्याकडे येतात, इथे वारा जमिनीकडून येतो त्यामुळे पाणी किनाऱ्यापासून पळत होतं, पांढऱ्या रेघा आतमध्ये जाताना दिसत होत्या. मोलो औदाचेवर पन्नास पावलं गेलो असू, मग मीच बाबांचं जॅकेट धरून मागे ओढलं. टोकाची ती तबकडी त्या दिवशी फक्त लांबून पाहिली. टिप म्हणाल तर हीच: बोरात धक्क्यावर जाऊ नका, कठडा नाहीये आणि वारा समुद्राकडे ढकलतो. २०१२ च्या फेब्रुवारीत बोरा कित्येक दिवस चालला होता, तेव्हा या धक्क्यावर तुषार उडून जागच्या जागी गोठले होते, बर्फाचं जाड कवचच चढलं होतं.

दुपारी एका छोट्या खानावळीत घुसलो. चष्म्यावर वाफ, गालाला आग. योता नावाचं घट्ट सूप मिळालं, राजम्यासारख्या शेंगांच्या बिया, बटाटा आणि आंबवलेला कोबी. बहुतेक ठिकाणी त्यात डुकराचं मांस असतं तेव्हा आधी विचारा, आम्हाला बिनमांसाचं मिळालं. बाबा पहिला चमचा घेऊन म्हणाले, "आमटी थोडी बिघडली तर अशी लागेल," आणि दुसरी वाटी मागवली.

तिथेच पेपर नॅपकिनवर त्यांनी मला बोरा समजावला. मी इंटरनेटवर वाचलेलं सगळं त्यापुढे फिकं. डोंगरांच्या पलीकडे, स्लोव्हेनियाच्या आतल्या भागात, थंड हवा साठते. थंड हवा जड. ती डोंगरामागे धरणासारखी भरत जाते आणि पोस्तोयनाजवळ डोंगररांगेला एक खिंड आहे, ६०० मीटरच्या आसपास उंचीची, तो समज सांडवा. धरण भरलं की सांडव्यावरून पाणी काय वेगाने खाली येतं, तशी ही हवा समुद्राकडे कोसळते. आणि सांडव्याच्या पायथ्याशी पाणी जसं उसळतं, भोवरे होतात, तसंच हवेचं होतं, म्हणून हा वारा एकसारखा वाहत नाही, झपाट्यांनी मारतो. मी म्हणलं पण खाली येताना हवा तापते ना, दर शंभर मीटरला साधारण एक डिग्री? "तापते की. पण मुळात निघतानाच एवढी गार असते की पाच-सहा डिग्री वाढून काय होणारे."

मग हिशोब. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, हे त्यांच्या नोकरीतलं रोजचं गणित. ताशी १०० ला माणसाच्या अंगावर साधारण २५ किलोचा रेटा, १२० ला ३५ च्या आसपास. "म्हणजे तुला कोणीतरी सिमेंटच्या पोत्याच्या पाऊण वजनाने ढकलतंय, आणि अचानक हात काढून घेतंय. माणूस ढकलल्याने पडत नाही गं, हात काढून घेतल्यावर पडतो." यावर बाजूच्या टेबलावरच्या आजोबांनी, काही न कळता, जोरात मान डोलावली.

थंडीचं म्हणाल तर म्युनिकमध्ये उणे आठ मी रोज सोसते, पण त्रिएस्तेत पारा शून्याच्या वर असूनही जास्त वाजली. शून्य डिग्री आणि ६० चा वारा असेल तर अंगाला ते उणे नऊसारखं लागतं. जाड स्वेटर इथे काही कामाचा नाही, वारा आरपार जातो. वरून वारा न शिरणारं पातळ जॅकेट पाहिजे, कान झाकणारी टोपी गळ्याखाली बांधता येईल अशी. बाबांच्या मंकी कॅपला मी वर्षानुवर्षं हसत आलेय, ते शब्द परत घेते.

त्रिएस्तेत बोराचं एक छोटं म्युझियम आहे, जगभरातले वारे म्हणे बाटल्यांत भरून ठेवलेत. पण आधी वेळ ठरवून जावं लागतं आणि आम्ही ठरवली नव्हती, हुकलं. तुम्ही नक्की आधी कळवून जा आणि मला सांगा.

दिवस तिसरा: विपावाचं खोरं, कौलांवरचे दगड

सीमेपलीकडे स्लोव्हेनिया, वारा तोच, नाव बदललं: बुर्या. इथे वाऱ्यावर वाहतुकीचे नियमच आहेत. विपावा खोऱ्यात उतरणाऱ्या एच-४ रस्त्यावर वेगानुसार टप्प्याटप्प्याने बंदी लागते, आधी कॅरॅव्हॅन आणि ताडपत्रीवाले ट्रक, मग बाकीचे. ट्रकची लांबच लांब रांग बाजूला थांबलेली, ड्रायव्हर लोक आत झोपलेले. रस्त्याच्या कडेने वारा अडवायला जाळीच्या भिंती आणि पट्ट्यापट्ट्यांची ती विमानतळावर असते तशी कापडी पिशवी, ताठ आडवी, काठीच वाटावी. भिंत संपली की स्टीअरिंग हातात उडी मारतं. दोन्ही हात स्टीअरिंगवर, स्पीड कमी, आणि गाडी उभी करताना तोंड वाऱ्याकडे करून उभी करा, नाहीतर दार उघडताना बिजागरीसकट जाईल. निघण्याआधी ई-विनेट (महामार्गाचा टोल-पास) ऑनलाइन काढा, आणि १५ नोव्हेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत.

आयडोवश्चिना हे खोऱ्यातलं गाव, मागे त्र्नोवोचं पठार भिंतीसारखं. मी रोमन तटबंदी बघायला आले होते, बाबा घरांच्या छपरांना खिळले. गोल कौलं, आणि त्या कौलांवर दगड ठेवलेले. नारळाएवढे, काही दोन नारळांएवढे, वळचणीला एक ओळ, वर आढ्याला एक ओळ, मध्ये विरळ. एका खालच्या छपराशी आम्ही इतका वेळ उभे राहिलो की आतून कुत्रा भुंकायला लागला. जवळून पाहिलं तर दगडांच्या खालच्या बाजूला शेवाळ चढून ते कौलाला चिकटल्यासारखे झालेले, म्हणजे आजचे नाहीत, आजोबांनी ठेवलेले नातवाच्या घरावर. बाबा कौलारू घरात वाढलेले, दर उन्हाळ्यात छपरावर चढायचे. म्हणाले, "बरोबर जागी ठेवलेत. वारा छप्पर दाबत नाही, उचलतो. आणि उचलायला सुरुवात कडेपासून आणि आढ्यापासून." जुन्या घरांच्या ईशान्येच्या भिंतीला खिडक्या जवळजवळ नाहीतच, नुसती आंधळी भिंत, सगळी दारं-खिडक्या-अंगण दुसऱ्या बाजूला. एवढं बघितल्यावर होकायंत्राची गरज नाही.

वारा स्वतः दिसत नाही हे त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट जाणवलं. दिसतात ते लोकांनी त्याला दिलेले जबाब. झडपेचा आकडा, कौलावरचा दगड, आंधळी भिंत.

रोमन तटाचे अवशेष आहेत गावात, बुरुजांसकट. या किल्ल्याचं नावच नदीवरून 'थंड नदी' अशा अर्थाचं होतं. ३९४ साली सप्टेंबरच्या ५ आणि ६ तारखेला याच खोऱ्यात रोमन सम्राट थिओडोसियस आणि त्याचा प्रतिस्पर्धी युजेनियस यांची लढाई झाली. पहिल्या दिवशी थिओडोसियसची पार धूळधाण, आणि दुसऱ्या दिवशी वारा सुटला, युजेनियसच्या सैन्याच्या थेट तोंडावर. त्या काळच्या लेखकांनी लिहिलंय की त्यांचे बाण उलटे फिरत होते. त्यात थोडी मीठमिरची असेल, पण त्या तटाशी उभं राहून मी रुमाल सोडून बघितला आणि तो परत मिळाला नाही, तेव्हा मी फार वाद घालणार नाही.

परतताना कार्स्ट या चुनखडीच्या पठारावर एका शेतकऱ्याकडे थांबलो. ते डुकराच्या मांड्या मीठ लावून, महिनोन्महिने टांगून वाळवतात, प्रशुत म्हणतात. त्यासाठी चूल नाही, धूर नाही, फक्त बुर्या. जाड दगडी खोली, त्याला छोट्या खिडक्या, आणि घरातले काका बाहेरचा अंदाज घेऊन कधी एक उघडतात, कधी दोन. बाबा डुक्कर खात नाहीत, पण खिडक्यांच्या रचनेवर दोघांची खाणाखुणांनी पाऊण तास चर्चा झाली. आमच्या ताटात शेवटी ब्रेड, चीज आणि तेरान नावाची काळपट लाल वाइन. बाबांनी "औषध म्हणून" घेतली.

दिवस चौथा: सेन्य, आणि बंद रस्ता

आता क्रोएशिया. इथे वाऱ्याचं नाव 'बुरा'. बाबा खूश, "अगदी योग्य नाव ठेवलंय!" २०२३ पासून इथेही युरो आणि शेंगेन, त्यामुळे सीमा कधी ओलांडली कळलंही नाही. रिएकापासून खाली समुद्राच्या कडेकडेने रस्ता, वाटेत क्र्क बेटाचा १९८० चा कमानीचा पूल लांबून दिसला. त्यावर वाहनं नव्हती, वाऱ्यामुळे बंद असणार.

सेन्यबद्दल म्हण आहे, बुरा सेन्यमध्ये जन्मते, रिएकात लग्न करते आणि त्रिएस्तेत मरते. म्हणजे आम्ही आधी मयताला जाऊन आलो आणि आता बारशाला निघालो होतो, उलटा प्रवास. वेलेबिट डोंगराच्या माथ्यावर ढगाची पांढरी टोपी बसलेली, जागची हलत नाही. ती दिसली की इथले लोक बोटी बांधून घेतात.

आमचा प्लॅन पुढे कार्लोबागला जाऊन पाग बेट बघायचा होता. पोलिसांनी सेन्यच्या पुढे गाडी थांबवली. सगळ्यांसाठी बंद. किती वेळ? त्याने खांदे उडवून डोंगराकडे बोट दाखवलं, त्याला विचारा. क्रोएशियात निघायच्या आधी ऑटो क्लबची रस्त्यांची माहिती बघायची असते, मी सकाळी सातला बघितली होती आणि तेव्हा फक्त दुचाकी आणि उंच गाड्यांना बंदी होती. दर तासाला बघा, हा धडा. पाग राहिलं ते राहिलंच.

पण त्यामुळे नेहाय किल्ला मिळाला. १५५८ चा, चौकोनी, गावावर टेकाडावर बसलेला. नावाचा अर्थच 'फिकीर नको' असा काहीतरी. भिंतीच्या आडोशाला उभं राहून समुद्र बघितला, आणि समुद्र धूर सोडत होता. खरंच. वाऱ्याचा झोत पाण्यावर आपटला की पाण्याचा बारीक तुषार उचलला जाऊन पांढरा पडदा पळत सुटायचा, वळून भोवरा व्हायचा, विरायचा, लगेच दुसरा. इथे याला 'फुमारेआ' म्हणतात. समोरच्या बेटांच्या आपल्याकडच्या बाजूला हिरवं काही नाही, मिठाचा मारा इतका की ती चंद्रावरच्यासारखी बोडकी.

अर्धा तास झाला तरी बाबा हलेनात. डोळ्यातून पाणी वाहतंय, नाक लाल. मी म्हणलं चला आता. तर म्हणाले, "पस्तीस वर्षं वादळ झालं की मला घरातून बाहेर पडावं लागायचं. तारा तुटलेल्या, लोकांचे फोन, साहेबांचे फोन. वारा सुटला की पोटात गोळा यायचा. नुसतं उभं राहून बघायला आज मिळतंय." मग मी पण उभी राहिले.

गाडीशी आलो तर काचेवर पांढरा थर. बोट लावून चाटलं, मीठ. वायपर तसेच फिरवू नका, काच ओरखडते, आधी भरपूर पाणी ओता.

दिवस पाचवा

पहाटे जाग आली ती शांततेने. थांबला होता. आला त्या दिवसापासून मोजलं तर तीन दिवस. बाबांनी डायरी काढून घरमालकीणबाईंच्या वाक्यापुढे बारीकशी बरोबरची खूण केली, मी बघत नाहीये असं समजून.

परतीचा रस्ता ल्युब्लियानावरून, साधा. संध्याकाळी म्युनिकला पोचून बाबांनी आईला फोटो पाठवले, चव्वेचाळीस. मोलो औदाचे, चौक, कौलं, किल्ला, सगळ्यात मंकी कॅप घालून बाबा, मागे निळं आकाश आणि लखलखीत ऊन. पाच मिनिटांनी आईचा फोन.

"अहो, इतकं छान ऊन पडलंय, टोपी कशाला घालून बसलाय?"